वाचकांचे प्रश्न: कापूस, विड्या, युद्ध आणि मार्क्स

मागच्या अंकात भारत-अमेरिकेच्या टॅरिफच्या, म्हणजे आयातकराच्या, भांडणाबद्दल थोडं लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. सगळी छापणं शक्य नाही म्हणून पाच घेतलीत, लांब होती ती जरा आखूड केलीत. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलंय, म्हणून कुणाचंच छापलं नाही.

प्रश्न : ट्रम्पने टॅरिफ लावलं तिकडे अमेरिकेत आणि भाव पडला आमच्या कापसाचा. कोणी म्हणते स्वदेशी वापरा, कोणी म्हणते बाजार खुला करा. तुम्ही मार्क्सवाले नेमके कोणत्या बाजूचे? (शेतकरी, यवतमाळ जिल्हा)

भाऊ, आधी तारखा शेजारी शेजारी ठेवून बघू. अमेरिकेने आपल्या मालावर आधी २५ टक्के लावले आणि २७ ऑगस्ट २०२५ पासून आणखी २५, म्हणजे एकूण ५०. त्याच्या आठवडाभर आधी, १९ ऑगस्टला, आपल्या सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरची ११ टक्के ड्युटी काढून टाकली, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. कारण काय, तर कपडा एक्सपोर्ट करणाऱ्यांना अमेरिकेत फटका बसणार म्हणून त्यांना कच्चा माल तरी स्वस्त पडावा. आता विदर्भात कापूस घरात कधी येतो हे तुम्हाला मी सांगायला नको, दसरा-दिवाळीच्या सुमारास सीतादहीची पूजा करून वेचा सुरू होतो आणि नेमक्या त्याच तीन महिन्यांत बाहेरच्या गाठींना दार उघडं. हमीभाव कागदावर होता, २०२५-२६ साठी क्विंटलला मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये, पण ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की सीसीआय, म्हणजे सरकारचं कापूस महामंडळ, घेत नाही, मग परतीच्या पावसात भिजलेला कापूस घेऊन माणूस व्यापाऱ्याच्याच दारात जातो, आणि व्यापारी भाव ठरवताना हमीभाव बघत नाही, बाहेरची गाठ त्याला कितीला पडते ते बघतो.

म्हणजे बघा, भांडण दोन सरकारांचं, आणि त्यात एका देशातल्या गिरणीमालकाला दिलेला आधार त्याच देशातल्या शेतकऱ्याच्या खिशातून काढला गेला. बातम्यांमध्ये सगळं ‘भारत विरुद्ध अमेरिका’ असं येतं, पण देश म्हणजे काही एक घर नाही की आलेलं नुकसान सगळ्यांनी सारखं वाटून घेतलं.

तुमचा बाजूचा प्रश्न मार्क्सलाही पडला होता. इंग्लंडमध्ये १८१५ पासून परदेशी धान्यावर कर होता, त्याने धान्य महाग राहायचं आणि जमीनदारांचा खंड वाढता राहायचा. मँचेस्टरच्या गिरणीमालकांनी त्याविरुद्ध मोठी चळवळ उभी केली, सभा घेतल्या, कामगारांना सांगितलं की कर उठला की भाकरी स्वस्त होईल. कायदा १८४६ ला गेला. ९ जानेवारी १८४८ ला मार्क्स ब्रसेल्समध्ये याच विषयावर बोलला आणि त्याने विचारलं की हेच मालक दहा तासांच्या दिवसाला विरोध करतात, मग यांना एकदम कामगाराच्या भाकरीची काळजी का वाटायला लागली? भाकरी स्वस्त झाली की मजुरीसुद्धा खाली ओढता येते म्हणून. स्वातंत्र्य आहे खरं, पण ते भांडवलाचं, असं त्याचं म्हणणं. आणि तरीही तो कराच्या बाजूने उभा राहिला नाही, कारण संरक्षणाची भिंत मालकालाच जपते हे त्याने पाहिलं होतं, शेवटी तो म्हणाला की खुल्या व्यापाराने निदान जुनी व्यवस्था लवकर मोडेल आणि मालक-कामगार समोरासमोर येतील.

या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही, हे स्पष्ट सांगतो. व्यवस्था मोडेल तेव्हा मोडेल, पण ज्या जिल्ह्यात कर्जापायी माणसं जीव देतायत तिथे ‘लवकर मोडू दे’ असं म्हणवत नाही. पण त्याच्या पहिल्या प्रश्नाला मी धरून आहे. कर लावला तर कुणासाठी, काढला तर कुणाच्या जिवावर? ११ टक्के परत लावा ही मागणी बरोबर होती, पण तेवढ्यावर थांबू नका, ओलाव्याच्या नावाखाली परत पाठवलेल्या कापसाचं काय आणि गाठी स्वस्त मिळाल्या तेव्हा गिरणीतल्या पोरांचा पगार किती वाढला हेही विचारा. तुमचा आणि त्यांचा हिशेब एकच आहे, फक्त वह्या वेगळ्या.

प्रश्न : रशिया १९९१ ला कोसळला, चीनमध्ये अब्जाधीश आहेत. मग मार्क्स अजून कशाला? (निवृत्त शिक्षक, नाशिक)

सर, मार्क्सने आयुष्यभर अभ्यास केला तो भांडवलशाहीचा. रशिया कसा चालवायचा याचं पुस्तक त्याने लिहिलं नव्हतं. भांडवलशाही चालू आहे तोवर तो अभ्यास कामाचा.

चीनबद्दल एकच गोष्ट सांगतो जी मला अजून त्रास देते. २०१८ हे मार्क्सच्या जन्माचं दोनशेवं वर्ष. ५ मे ला त्याच्या जन्मगावी, जर्मनीत ट्रियरला, चीन सरकारने भेट दिलेला त्याचा भलामोठा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. आणि त्याच उन्हाळ्यात शेन्झेनमधल्या जासिक नावाच्या कंपनीत कामगारांनी स्वतःची युनियन काढायचा प्रयत्न केला तेव्हा त्यांना पकडलं, आणि त्यांच्या पाठीशी उभे राहिले म्हणून पेकिंग विद्यापीठातल्या, मार्क्स वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनाही उचललं. त्या पोरांनी पुस्तक वाचलं आणि ते खरं मानून कामगारांकडे गेली, एवढाच त्यांचा दोष. मार्क्स कुणाकडे आहे असं मला कुणी विचारलं तर मी त्या पोरांकडे बोट दाखवेन.

प्रश्न : युक्रेनच्या युद्धात वर्ग कुठे येतो? एका देशाने दुसऱ्यावर हल्ला केला, साधी गोष्ट आहे. डावे लोक तिथे गोलगोल का बोलतात? (वाचक, पुणे)

गोलगोल बोलतात हे खरंय आणि ते चुकतं. रशियाने हल्ला केला, तो साम्राज्यवादी हल्ला आहे, हे आधी सरळ म्हणायला हवं. अमेरिका-नाटोबद्दल जे म्हणायचंय ते त्यानंतर. २१ फेब्रुवारी २०२२ ला, हल्ल्याच्या तीन दिवस आधी, पुतिनने टीव्हीवर लांबलचक भाषण केलं त्यात त्याचा राग लेनिनवर होता, की युक्रेन हा लेनिनच्या बोल्शेविकांनी तयार केलेला देश आहे, त्यांनी राष्ट्रांना वेगळं व्हायचा हक्क दिला ही चूक झाली. म्हणजे छोट्या राष्ट्राच्या हक्काबद्दल लेनिन काय म्हणत होता हे पुतिनला नीट कळलंय, आपल्यातल्या काही जणांना मात्र अजून मॉस्को म्हटलं की लाल रंगच दिसतो.

आता वर्ग. त्याच २०२२ मध्ये, बॉम्ब पडत असताना, युक्रेनच्या संसदेने कायदा केला की २५० पर्यंत माणसं असलेल्या कंपन्यांत मार्शल लॉ असेपर्यंत कामगार कायद्यातली बरीचशी संरक्षणं लागू नाहीत, मालक आणि कामगार दोघांनी आपापसात करार करायचा. खंदकात लढायला गेलेला माणूस कोण, तर हाच कामगार. आपण त्या देशाच्या बाजूने उभं राहायचं आणि त्या कामगाराच्याही, हे दोन्ही एकत्र जमतं. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा, १९१४ च्या ४ ऑगस्टला, जर्मनीतल्या सगळ्यात मोठ्या समाजवादी पक्षाने कैसरच्या, म्हणजे त्यांच्या सम्राटाच्या, युद्धखर्चाला मत दिलं होतं, डिसेंबरमध्ये परत मतदान झालं तेव्हा त्याच पक्षाचा एकटा खासदार कार्ल लिब्क्नेख्त विरोधात राहिला. तो स्वतःच्या देशाच्या सरकारविरुद्ध बोलत होता, हे महत्त्वाचं. लांबच्या देशातल्या सरकारला शिव्या द्यायला फार काही लागत नाही.

आणि पैसा बघा, स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या आकड्यांप्रमाणे २०२४ मध्ये जगाचा लष्करी खर्च सुमारे २.७ लाख कोटी डॉलर झाला, एका वर्षात ९ टक्क्यांहून जास्त वाढ. शस्त्रं बनवणाऱ्यांचे शेअर त्यानंतर कुठे गेले ते कुणीही मोबाइलवर बघू शकतं.

प्रश्न : मी डिलिव्हरी करतो. कंपनी म्हणते तुम्ही पार्टनर, तुमचे तुम्ही मालक. माझी आई विड्या वळते, तिलाही मालक म्हणतो की घरबसल्या काम, पाहिजे तेव्हा करा. आम्ही कामगार आहोत का नाही? (वाचक, सोलापूर)

तुझं पत्र वाचून मी बराच वेळ थांबलो, कारण मीही सोलापूरचाच आणि आमच्या शेजारी एक अक्का विड्या वळायच्या. रात्री पानं भिजत घालायची, सकाळी कात्रीने एका मापाची कापायची, मग सूप मांडीवर घेऊन बसलं की पान, तंबाखू, वळ, दोरा, तोंड मोड, परत पान. बोलता बोलता हात चालूच. शाळेतून आलेल्या पोरीसुद्धा दप्तर टाकून तोंडं मोडायला बसायच्या, कारण मजुरी हजारावर, दिवसावर नाही. आणि मग दुपारी विडी कंपनीच्या ब्रांचला माल द्यायला जायचं तिथे तपासणारा मूठभर विड्या उचलून दाबून बघायचा आणि छाट काढायचा, छाटलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. पानं खराब आली, कमी भरली, तर बाजारातून स्वतःच्या पैशाने आणा. अक्का घरीच असायच्या, पण त्यांच्या डोक्यावर कायम कुणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं.

‘भांडवल’च्या पहिल्या खंडात नगावरच्या मजुरीवर एक छोटं प्रकरण आहे. मार्क्स तिथे सांगतो की नगावर पैसे दिले की मुकादम ठेवायची गरजच उरत नाही, काम स्वतःच माणसावर लक्ष ठेवतं. माल नापास केला की मजुरी आपोआप कापली जाते. मध्ये दलाल घुसायला जागा होते, काम घराघरात पांगवता येतं. माणसाला वाटतं मी मोकळा आहे, जास्त केलं तर जास्त मिळेल, म्हणून तो स्वतःच तास वाढवतो, वेग वाढवतो, शेजाऱ्याशी चढाओढ करतो, आणि सगळ्यांनीच वेग वाढवला की रेट खाली येतो. हे १८६७ साली छापलंय. आता तुझा फोन बघ. ऑर्डरवर पैसे, हॉटेलबाहेर थांबलेल्या वेळाचे नीट पैसे नाहीत, पेट्रोल तुझं, गाडी तुझी, पंक्चर तुझं, रेटिंग म्हणजे छाट, आणि पावसात भिजत पंधरावी ऑर्डर घ्यायची की नाही ते म्हणे तूच ठरवायचं. तुझ्या आईचं सूप आणि तुझी बॅग, दोन्हीत एकच मजुरी आहे.

फरक एक आहे, आणि तो तुझ्या आईच्या बाजूने आहे. विडी कामगारांसाठी १९६६ चा कायदा झाला, त्यात घरी बसून वळणारी बाईसुद्धा कामगार धरली गेली. पीएफ, किमान वेतन, ओळखपत्र हे सगळं मोर्चे काढून, ब्रांचसमोर बसून मिळवलेलं आहे, कुणी आपणहून दिलेलं नाही. तुमच्यासाठी जी सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली तिच्यात गिग कामगार हा शब्द आला, कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत टाकायचे असंही आहे (तुम्हाला दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंतच मात्र), पण त्याच व्याख्येत तुम्हाला मालक-नोकर या नात्याच्या बाहेर ठेवलंय. म्हणजे मदत मिळेल, हक्काचं किमान वेतन नाही. इंग्लंडच्या सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या ड्रायव्हरांबद्दल सांगितलं की भाडं कंपनी ठरवते, अटी कंपनी ठरवते, तर हे कामगारच. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तेच आहे, हो, तू कामगार आहेस. सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर नोंद करून ठेव, रोजचे ऑर्डरचे स्क्रीनशॉट जपून ठेव, आणि तुझ्या आईच्या युनियनमधल्या जुन्या बायकांना एकदा भेट, १९६६ च्या आधी काय होतं ते त्यांनी त्यांच्या आयांकडून ऐकलेलं असेल.

प्रश्न : तुम्ही सगळं वर्गावर आणता. जात कुठे जाते? (विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

ताई, हा प्रश्न विचारलास ते बरं झालं, कारण आमच्या लोकांनी याचं उत्तर फार उशिरा द्यायला घेतलं. मुंबईच्या गिरण्यांमध्ये विणकाम खात्यात पगार चांगला, पण तिथे दलितांना घेत नसत. कारण काय तर मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात धाग्याची नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढून बाहेर काढावा लागे, आणि सवर्ण विणकर म्हणत की यांच्या तोंडचा धोटा आम्ही तोंडाला कसा लावायचा. मशीन तेच, मालक तोच, संपात खांद्याला खांदा, पण धोटा नाही. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी नेमका हाच मुद्दा लावून धरला. पुढे १९३६ ला त्यांनी लिहिलं की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. त्या धोट्याकडे बघितलं की हे वाक्य पाठ करावं लागत नाही.

नुसत्या वर्गाच्या चष्म्याने तो धोटा दिसत नाही, हे मी मान्य करतो. आणि नुसत्या जातीच्या चष्म्याने विणकाम खात्यात पगार कोण ठरवतं ते दिसत नाही. बाबासाहेबांनी दोन्ही बघितलं, फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांसमोर त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले, तेही तिथे जमलेल्या गँगमन आणि हमालांना कळेल अशा भाषेत. त्यांचे कम्युनिस्टांशी मतभेद खोल होते आणि ते शेवटपर्यंत राहिले, ते पुसून टाकायचा प्रयत्न कुणी करू नये. तरी त्याच वर्षी संपाचा हक्क आवळणारं औद्योगिक तंट्यांचं बिल मुंबई सरकारने आणलं तेव्हा ७ नोव्हेंबरला त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट नेते डांग्यांचे गिरणी कामगार एकत्र संपावर गेले, कामगार मैदानावर सभा झाली आणि बाबासाहेब आणि डांगे एकाच व्यासपीठावर बोलले. त्या दिवशी धोट्याचा प्रश्न सुटला नव्हता, तो तसाच होता. त्या सभेला आलेल्या विणकरांपैकी किती जणांनी दुसऱ्या दिवशी आपल्या खात्यात दलित माणूस घ्या म्हणून मागणी केली असेल, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारतो.