मैत्रिणीच्या घरी अजगर आहे, मी जाऊ कशी?

प्रश्न : ताई, मी पुण्यात नोकरी करते. मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात. कॉलेजपासूनची माझी एक जिवलग मैत्रीण आहे. गेल्या वर्षी तिने बॉल पायथन पाळला. हॉलमध्येच त्याची काचेची पेटी आहे. पूर्वी मी ऑफिसातून परस्पर तिच्याकडे जेवायला जायचे, आता काही ना काही कारण काढून टाळते. दिवाळीत गेले होते, तेव्हा तिच्या एका मित्राने मागून येऊन तो माझ्या खांद्यावर ठेवला. मी किंचाळले, हातातली फराळाची बशी पडली आणि सगळे हसले. मैत्रीणही हसली. "अगं, काही करत नाही तो," म्हणाली. तेव्हापासून पांघरूण झटकल्याशिवाय मला झोप येत नाही. बाथरूममध्ये शिरण्याआधी कोपरे बघते.

लहानपणी आमच्या लाकडाच्या खोपीत काकूच्या हाताला फुरसं चावलं होतं. ती वाचली, पण तिची ती किंकाळी मी विसरलेले नाही. आता मैत्रिणीचा वाढदिवस आहे, घरीच करणार आहे. ती म्हणते, "तुला तो चालत नाही म्हणजे मीच चालत नाही, असं वाटतं मला." मी जावं का? ही भीती कधी जाईल का? आणि असा साप घरी ठेवायला परवानगी असते का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : खांद्यावर साप ठेवल्याचा प्रसंग तू दोन ओळींत उरकला आहेस. मला मात्र आधी त्यावरच बोलायचं आहे. तुझ्यासोबत जे केलं ते चूक होतं. गंमत म्हणून केलं असेल, साप बिनविषारी असेल, तरीही चूक. माणसाला ज्याची भीती वाटते ती गोष्ट त्याच्या नकळत त्याच्या अंगावर टाकली की भीती मोडत नाही, उलट ती नवी जागा शोधते. आधी तुला साप दिसला तर भीती वाटायची, आता पांघरुणाखाली आणि बाथरूमच्या कोपऱ्यात नसलेला सापही दिसतो. ही वाढ दिवाळीनंतरची आहे, हे तुझ्याच पत्रात आहे. त्यामुळे "मीच जरा जास्त करते का?" ही शंका मनातून काढून टाक.

काकूची किंकाळी तू विसरली नाहीस, यातही नवल नाही. सुझन मिनेका या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ऱ्हीसस माकडांवर केलेलं काम मला तुझं पत्र वाचताना आठवलं. प्रयोगशाळेत वाढलेली माकडं सापाला भीत नव्हती. पण जंगलात वाढलेलं माकड साप बघून कसं घाबरतं, हे त्यांनी पाहिलं आणि काही मिनिटांत तीही घाबरायला लागली. पुढे १९८९ मध्ये मायकेल कुक आणि मिनेका यांनी चित्रफितीत फेरफार करून त्याच घाबरलेल्या माकडासमोर साप न दाखवता फूल दाखवलं. ती फीत बघून फुलाची भीती मात्र कुणी शिकलं नाही. म्हणजे सापाची भीती आपल्याच माणसाच्या चेहऱ्यावरून, आवाजावरून झपाट्याने उचलली जाते. तू लहान होतीस, खोपीशी उभी होतीस, आणि घरातलं मोठं माणूस किंचाळलं. त्या दिवशी तू जे शिकलीस ते शहाणपणाचंच होतं. फुरसं हा आपल्या चार प्रमुख विषारी सापांपैकी एक, कोकणात भरपूर. चावलं की रक्त गोठण्याची क्रियाच बिघडते. २००० ते २०१९ या काळात भारतात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं सर्पदंशाने गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ज्या घरात एकदा सर्पदंश झाला आहे, तिथल्या मुलीला "त्यात काय घाबरायचं?" असं कुणी विचारू नये.

तुझ्या मैत्रिणीचा साप या गोष्टीत बसत नाही, हेही खरं. बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, लहान चणीचा अजगर. साधारण तीन ते पाच फुटांपर्यंत वाढतो. विष नाही. घाबरला की डोकं मध्ये घेऊन अंगाची घट्ट गुंडाळी करतो, त्याचं नाव त्यावरूनच पडलं. खाल्ल्यावर एक-दोन दिवस त्याला हातात घ्यायचं नसतं, नाहीतर तो खाल्लेलं बाहेर टाकू शकतो. कात टाकायच्या आधी त्याचे डोळे निळसर, दुधाळ होतात, नीट दिसत नाही, तेव्हाही त्याला एकटं सोडायचं असतं. चांगल्या पाळणाऱ्याला हे सगळं ठाऊक असतं. म्हणून सांगते, पार्टीत या हातातून त्या हातात फिरवणं हे सापाच्याही हिताचं नाही. शिवाय साप दिसायला निरोगी असला तरी त्याच्या अंगावर साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात. त्याला हात लावला की साबणाने हात धुवायचे, जेवणाच्या टेबलापासून त्याला लांब ठेवायचं आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती तर द्यायचाच नाही.

ही माहिती वाचून तुझी भीती कमी होईल, अशी मात्र माझी अपेक्षा नाही. विषारी आणि बिनविषारी यातला फरक तुला आधीही ठाऊक होता. भीती त्या ज्ञानाची वाट बघत थांबलेली नसते. "काही करत नाही तो" या वाक्याचा म्हणूनच तुला उपयोग झाला नाही. आम्ही उपचारात जी गोष्ट सगळ्यात आधी करतो ती वेगळीच आहे : साप किती लांब ठेवायचा, हे घाबरलेल्या माणसाच्या हातात देतो.

माझ्याकडे एक गृहस्थ येत होते. अंगणात पाण्याची नळी पडलेली दिसली तरी घरात परतायचे. पहिल्या भेटीत मी सापाचा छापील फोटो टेबलावर पालथा ठेवला आणि सांगितलं, की मी त्याला हात लावणार नाही. बराच वेळ त्यांनी नुसती कागदाची पाठ बघितली. मग बोटाने एक कोपरा उचलला, शेपटीचा तुकडा दिसला, कोपरा खाली टाकला, पुन्हा उचलला. तळहात पँटला पुसत होते, पण नजर हटवली नव्हती. त्या दिवशी आम्ही तेवढंच केलं. पुढे फोटो, मग व्हिडिओ, मग कात्रजच्या सर्पोद्यानात काचेपासून लांब, मग जवळ. प्रत्येक पायरीवर शून्य ते शंभरमध्ये भीती किती हे तेच सांगायचे, आणि ती उतरेपर्यंत आम्ही तिथेच थांबायचो. मध्येच पळून आलं तर सुटका झाल्यासारखं वाटतं, पण भीती पुढच्या खेपेला आणखी पक्की होते, म्हणून पायरी लहान ठेवायची आणि थांबायचं.

ही पद्धत माझी नाही. अल्बर्ट बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये सापाला घाबरणाऱ्या माणसांवर वेगवेगळे उपाय ताडून बघितले. दुसऱ्याला साप हाताळताना समोर बघायचं आणि मग त्याच्या सोबतीने स्वतः थोडं थोडं पुढे जायचं, हा उपाय सगळ्यांत सरस ठरला. स्वीडनचे लार्स-योरान ओस्ट यांनी तर एकाच, जास्तीत जास्त तीन तासांच्या बैठकीत असे उपचार करायची पद्धत बसवली. तेव्हा भीती कमी होते का, याचं उत्तर हो असं आहे, आणि पुष्कळदा आपल्याला वाटतं त्याहून लवकर. मात्र ते काम प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञासोबत कर. मैत्रिणीच्या हॉलमध्ये, चार जण बघत असताना नाही. आणि तुला स्वतःला हवं असेल तरच. साप हातात घेता आलाच पाहिजे, असं आयुष्यात काही अडलेलं नसतं. झोप आणि बाथरूमची गोष्ट मात्र लांबत चालली असेल तर थांबू नकोस. कुणाकडे जायचं ते सुचत नसेल तर टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

परवानगीचं विचारलंस. आपल्याकडचे साप, मग तो नाग असो, धामण असो की आपला अजगर, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घरात पाळता येत नाहीत. सर्पमित्राने पकडलेला सापही पुन्हा निसर्गात सोडायचा असतो. बॉल पायथन परदेशी आहे, पण त्याच्या जातीचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराखाली येतो, म्हणून २०२४ च्या नियमांनुसार त्याची परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते. मैत्रिणीने ती केली आहे का, हे एकदा सरळ विचार. केली नसेल तर तिच्याच भल्यासाठी करायला सांग. पण भांडणात कायद्याचा धाक दाखवू नकोस. तुझं दुखणं कागदपत्रांचं नाही, ते तसं दाखवलंस तर खरी गोष्ट बोलायची राहून जाईल.

खरी गोष्ट तिला भेटून सांग, आणि फोनवर नको. तिच्या घरीही नको, कुठेतरी चहाला बसा. "तुझा साप मला आवडत नाही" इथून सुरुवात केलीस तर ती त्याची बाजू मांडत बसेल. काकूचं सांग. मला वाटतं, हे तिला ठाऊक नसावं, कारण ठाऊक असतं तर ती त्या दिवशी हसली नसती. मग दिवाळीचं सांग : "त्याने साप ठेवला त्याहून तू हसलीस याचं मला जास्त लागलं." हे वाक्य जड जाईल, पण गाळू नकोस. तिचंही दुखलेलं आहे. बॉल पायथन नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं जगतो. तिने तेवढ्या वर्षांची जबाबदारी अंगावर घेतली आहे आणि तिची सगळ्यात जवळची मैत्रीण त्याचं नावही काढत नाही. त्याला काय खायला घालते, कात कधी टाकतो, हे तू लांबूनही विचारू शकतेस. तिच्या जिवाच्या गोष्टीत तुला रस आहे हे कळायला त्याला हात लावण्याची गरज नाही. साप काढून टाक, असं मात्र म्हणू नकोस.

वाढदिवसाला जा, पण आधी हे ठरवून घे : तू यायच्या आधीच पेटी आतल्या खोलीत जाईल, पेटीला कुलूप आणि खोलीला कडी. तू घरात असेपर्यंत कुणीही, अगदी दोन मिनिटांसाठीही, त्याला बाहेर काढणार नाही, आणि हे ती त्या मित्राला स्वतः सांगेल. पोचल्यावर ते बंद दार तुला दाखवायला सांग, म्हणजे जेवताना सारखं मागे वळून बघावं लागणार नाही. पेटी मोठी आहे, हलत नाही, असं ती म्हणाली तर पार्टी बाहेर करा किंवा आदल्या दिवशी तिला तुझ्याकडे जेवायला बोलव. आणि एवढं सांगूनही ती "अगं, काही करत नाही तो" असंच म्हणत राहिली, तर या वर्षी जाऊ नकोस. का येत नाहीस, हे मात्र कारण न काढता खरं सांग.