विंडोजमध्ये काही केल्या डिलीट न होणारी फाइल कशी काढावी?

रीस्टार्ट करूनही विंडोज ११ मधला जुना फोल्डर जात नाही, म्हणून नेटवरून एखादं 'अनलॉकर' (अडकलेली फाइल सोडवून देणारं सॉफ्टवेअर) उतरवू का, असं तुम्ही विचारलंय. इतक्यात नको. फुकटच्या अनलॉकरबरोबर नको ती सॉफ्टवेअर घुसतात आणि बहुतेक वेळा त्याची गरजही नसते. डिलीट करताना येणारा मेसेज नीट वाचा. विंडोज कुठे अडलंय ते त्यातच असतं आणि उपाय त्यावरच ठरतो.

'फाइल इन यूज' किंवा 'ओपन इन अनदर प्रोग्राम' आलं, तर कुठल्यातरी प्रोग्रामने फाइल धरून ठेवलीय. बऱ्याचदा तो प्रोग्राम खुद्द एक्सप्लोररच, म्हणजे फोल्डर उघडून दाखवणारा विंडोजचाच प्रोग्राम असतो, कारण प्रीव्ह्यू दाखवण्यासाठी त्याने व्हिडिओ किंवा पीडीएफ उघडलेली असते. ऑल्ट आणि पी दाबून प्रीव्ह्यू पेन बंद करा, मग टास्क मॅनेजरमध्ये 'विंडोज एक्सप्लोरर'वर राइट क्लिक करून 'रीस्टार्ट' द्या. तरीही अडलं तर स्टार्टमध्ये 'रिसोर्स मॉनिटर' शोधून उघडा, सीपीयू टॅबवर जा आणि 'असोसिएटेड हँडल्स'च्या सर्च चौकटीत फाइलच्या नावाचा तुकडा टाका. कोणत्या प्रोग्रामने फाइल धरलीय ते खाली दिसतं. तो आधी नेहमीसारखा बंद करून बघा. 'एंड प्रोसेस' शेवटी, कारण त्यात सेव्ह न केलेलं काम जातं.

तिथे 'सिस्टम', पीआयडी (चालू प्रोग्रामचा क्रमांक) ४ दिसलं तर मात्र त्याला हात लावू नका. फोल्डर नेटवर्कवर शेअर केला असेल, तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर कोणीतरी ती फाइल उघडून बसलेलं असण्याची शक्यता मोठी. ऑफिसात हे सर्रास होतं. 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट'मधल्या 'शेअर्ड फोल्डर्स', 'ओपन फाइल्स'मध्ये त्या युजरचं नाव मिळतं.

'ॲक्सेस डिनाइड' किंवा 'यू नीड परमिशन' हा मालकीचा प्रश्न. जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क नव्याला जोडली की हमखास येतो, कारण फाइलींवर जुन्या विंडोजच्या युजरचा हक्क नोंदलेला असतो. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, मग ओनरसमोर 'चेंज'. स्वतःचं युजरनेम द्या आणि 'रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स' ही टिक विसरू नका, नाहीतर वरचा फोल्डर तुमचा होतो आणि आतल्या फाइली तशाच राहतात. मालकी मिळाल्यावर सिक्युरिटी टॅबमध्ये स्वतःला 'फुल कंट्रोल' द्यावा लागतो. परवानगी 'ट्रस्टेडइन्स्टॉलर'कडून हवी असं म्हणत असेल, तर ती विंडोजची स्वतःची फाइल आहे, ती ठेवा.

सगळ्यात चक्रावून टाकणारा मेसेज 'कुड नॉट फाइंड धिस आयटम'. फाइल डोळ्यांसमोर आहे आणि विंडोज म्हणतं, नाहीच. अशा वेळी नावाच्या शेवटी टिंब किंवा स्पेस आहे का बघा. मॅक, लिनक्स किंवा झिपमधून अशी नावं येतात. डिस्कवर ती टिकतात, पण विंडोज नाव वाचताना शेवटचं टिंब गाळतं आणि भलत्याच नावाचा शोध घेतं.

याच्या जोडीला लांब पाथ. ड्राइव्हपासून फाइलीपर्यंतचा पत्ता साधारण २६० कॅरेक्टर्सच्या पुढे गेला की एक्सप्लोरर हात टेकतो. मराठी नावांचं इथे विशेष बघा: काना, मात्रा, हलंत सगळे वेगळे मोजले जातात. 'महाराष्ट्र' दिसायला चार अक्षरं, पण मोजणीत १०. वरच्या फोल्डरांची नावं 'अ', 'ब' अशी एकाक्षरी केली की बहुतेकदा काम होतं.

दोन्हींवर एकच रामबाण आहे. त्या फोल्डरमधलं हवं ते दुसरीकडे हलवा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. इंग्रजीत आर-डी, स्पेस, स्लॅश-एस, स्पेस टाइप करा, मग अवतरणचिन्ह सुरू करून दोन बॅकस्लॅश, प्रश्नचिन्ह, एक बॅकस्लॅश आणि लगेच ड्राइव्हपासूनचा पूर्ण पाथ, अवतरणचिन्ह बंद. त्या प्रश्नचिन्हवाल्या सुरुवातीमुळे विंडोज नावाची साफसफाई आणि २६० ची मर्यादा दोन्ही सोडून देतं. टिंबवाल्या फोल्डरऐवजी त्याच्या वरच्याच फोल्डरचा पाथ दिला, तर ते विचित्र नाव टाइपही करावं लागत नाही. मात्र हे रिसायकल बिनमध्ये जात नाही, कायमचं जातं. एंटर दाबण्यापूर्वी पाथ पुन्हा वाचा.

'करप्टेड अँड अनरीडेबल' आलं तर डिलीटचा नाद सोडून आधी बाकीचा डेटा दुसरीकडे कॉपी करा. त्यानंतरच ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधल्या टूल्स टॅबवरून 'चेक' चालवा. मरायला टेकलेल्या डिस्कवर दुरुस्ती आधी केली, तर उरलेल्या फाइलीही जाऊ शकतात.

डिलीट होऊन पुन्हा परत येत असेल, तर वनड्राइव्हचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन स्टोरेजचं सिंक थोडा वेळ पॉज करून बघा. तरी आलीच, तर विंडोज सिक्युरिटीच्या 'स्कॅन ऑप्शन्स'मधून डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा. व्हायरसची शंका तिथे फिटते.

यातलं काहीच लागू पडलं नाही, तर मायक्रोसॉफ्टचंच मोफत 'पॉवरटॉइज' घ्या. फाइल कोणी धरलीय ते दाखवणारं त्यातलं 'फाइल लॉकस्मिथ' राइट क्लिकवरच दिसतं. नाहीतर सेफ मोड, म्हणजे अगदी गरजेपुरत्याच गोष्टी चालू ठेवून विंडोज उघडणं: शिफ्ट दाबून रीस्टार्ट, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि मग ४. त्याआधी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून लिहून घ्या. लॅपटॉप ती वाटेतच मागू शकतो.