पहिल्याच डी अँड डी खेळात ड्रॅगन आणावा का?

तुम्ही लिहिलंय की चौघे मित्र पहिल्यांदाच डी अँड डी, म्हणजे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (एकाने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, असा टेबलावरचा खेळ) खेळणार आहेत, चौघांनाही ड्रॅगन हवाय, आणू का? नका आणू. २०१४च्या नियमांतलं लाल ड्रॅगनचं नुसतं पिल्लू घ्या. त्याने एकदा आग ओकली की सरासरी २४ हिट पॉइंट, म्हणजे जिवाचे गुण, जातात, आणि पहिल्या लेव्हलच्या जादूगाराकडे असतात जेमतेम सात-आठ. खालून वडापाव येईपर्यंत खेळ आटोपलेला असेल.

मी माटुंग्याला रविवारी नवख्यांना खेळवतो. माझ्या लेखी राक्षसाची ताकद नंतर. तो खेळाडूंना डोकं लावायला भाग पाडतो का, हे आधी. गॉब्लिन, म्हणजे खुजा, लबाड राक्षस, त्यासाठीच बरा. सात हिट पॉइंटांचा जीव, पण वार करून लगेच लपतो. त्याच्यामागे धावायचं की दारातच दबा धरायचा, यावरून टेबलावर जुंपते. चौघांपुढे तीनच सोडा हं, पाच-सहा झाले तर तेही पुरून उरतात. सांगाड्यांवर तलवारीपेक्षा गदा चालते, पण ते आपण सांगायचं नाही. ट्रोल नावाचा धिप्पाड राक्षस पुढे कधीतरी. त्याच्या जखमा आपोआप भरतात. आग नाहीतर ॲसिड हवं.

माझा लाडका मात्र रस्ट मॉन्स्टर. त्याला तुमच्या जिवाशी देणंघेणं नाही, लोखंड हवं, गंजवून खायला. एरवी चिलखतात मिरवणारा गडी मागे पळतो आणि लाकडी काठीवाला जादूगार पुढे सरसावतो, हे बघण्यासारखं असतं. खेळाच्या जनकांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सला तो सुचला एका स्वस्तातल्या प्लॅस्टिकच्या खेळण्यावरून. अर्धा घुबड, अर्धा अस्वल अशा आऊलबेअरचा जन्मही तसाच.

खेळाच्या पुस्तकात ‘राक्षस’ नावाचाही एक आहे, वाघतोंड्या, तळवे उलटे. आपला म्हणून घेऊ नका, त्याचं चॅलेंज रेटिंग, म्हणजे अवघडपणाचा आकडा, १३ आहे; नवख्यांना झेपायचा नाही.

आपलंच काही हवं असेल तर जागा कान्हेरीची घ्या. शंभरावर लेणी, कातळात खोदलेल्या पाण्याच्या पोढी, पायऱ्या. नकाशा काढायचे कष्टच नाहीत. एका पोढीत गिऱ्हा, म्हणजे कोकणातलं पाण्यातलं भूत, बसवा. आकडे जायंट ऑक्टोपसचे वापरा, म्हणजे धरून ठेवण्याचा नियम आयताच मिळतो. ज्याची आजी कोकणातली, तो काही पाण्याजवळ फिरकायचा नाही. म्हणून पुढच्या दाराची किल्ली पोढीच्या तळाशीच ठेवा.