६४ अँटेनांचा टॉवर प्रत्येक अँटेनाचा चॅनल वेगळा मोजतो का?

गावात ५जीचा टॉवर आला, इतक्या अँटेनांचे चॅनल मोजायला वेळ पुरतो कसा, असं तुम्ही विचारलंय. चॅनल म्हणजे फोन आणि अँटेना यांच्यातल्या वाटेत सिग्नल कसा बदलतो, ते. चॅनल ६४ही मोजले जातात, पण पायलट सिग्नल पाठवतो तुमचा फोन. आधीच ठरलेला तो सिग्नल सगळ्या अँटेना एकदमच ऐकतात. जाता-येता फ्रिक्वेन्सी एकच (टीडीडी), त्यामुळे तोच चॅनल परतीलाही चालतो. म्हणजे पायलटचा खर्च फोनच्या संख्येवर वाढतो, टॉवरच्या अँटेनांवर नाही. मला यातली हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते.

आलेल्या सिग्नलला माहीत असलेल्या पायलटने भागलं, की झाली लीस्ट स्क्वेअर्स पद्धत. सोपी आहे, पण नॉइज तसाच अंदाजात उतरतो. टॉवरपासून लांब, पऱ्हाटीच्या वावरात सिग्नल क्षीण असतो. तिथे ही पद्धत फार चुकते. एमएमएसई (चुकीच्या वर्गाची सरासरी कमीत कमी ठेवणारी पद्धत) मात्र चॅनलची सरासरी वागणूक आणि नॉइजची पातळी धरून अंदाज सावरते. गणित जड होतं, तरी खेड्यातल्या कव्हरेजसाठी मी तीच निवडेन.

शेजारच्या टॉवरखालच्या फोनने तोच पायलट वापरला, तर दोघांचे चॅनल एकमेकांत मिसळतात. वायरलेस संशोधक थॉमस मार्झेटा यांनी २०१० मध्ये दाखवलं, की नुसत्या अँटेना वाढवून हे दूषण जात नाही. शेजारच्या टॉवरांना वेगवेगळे पायलट वाटून देणं, हा त्यावरचा साधा उपाय.