वसुलीचा फोन येतो तेव्हा

प्रश्न : नोकरी गेल्यापासून कर्जाचे हप्ते थकले आहेत. वसुलीवाल्यांचे फोन दिवसभर येतात. फोन वाजला की छातीत धस्स होते. देण्यासारखे काहीच नसताना काय करावे?

उत्तर : तुमची घालमेल समजते. तरीही फोन बंद ठेवू नका आणि समोरच्याने दरडावले म्हणून न झेपणाऱ्या रकमेचा शब्दही देऊ नका. मुद्दल, व्याज आणि दंड किती, व वसुलीचा अधिकार त्यांना कोणी दिला, हे लेखी मागा. घरभाडे, वीज, औषधे आणि किराणा यांचे पैसे आधी बाजूला काढा. उरेल तेवढ्याच रकमेचा प्रस्ताव मूळ संस्थेला पत्राने कळवा, आणि तडजोड कागदावर आल्याशिवाय भरणा करू नका. कर्ज फार जुने असेल, तर किरकोळ रक्कम देण्यापूर्वीही वकिलाला विचारा, कारण अनेक देशांत दाव्याला कायदेशीर मुदत असते आणि थोडासा भरणा किंवा लेखी कबुली यांमुळे ती पुन्हा पहिल्यापासून मोजली जाऊ शकते. प्रत्येक फोनची तारीख, वेळ आणि धमकीचे नेमके शब्द वहीत टिपून ठेवा. तक्रार करताना हीच वही उपयोगी पडते. न्यायालयाची नोटीस आली, तर मात्र त्यावरील तारीख कोणत्याही परिस्थितीत चुकवू नका.