कोरियन कराओके मशीनचा लोगो आणि धून: कोणासाठी, आणि रेकॉर्ड कशी करायची

प्रश्न असा आहे की कोरियन कराओके मशीन चालू केलं की लोगो झळकतो, धून वाजते; एवढा थाट कशाला? शिवाय जुनं मशीन इथे आणून ते सगळं रेकॉर्ड करायचं असेल तर कसं?

‘जाहिरात’ हे उत्तर मला पटत नाही. ही मशीनं असतात नोरेबांगमध्ये, म्हणजे तासाच्या भाड्यावर मिळणाऱ्या गाण्याच्या खोल्यांमध्ये. १९९१ मध्ये कोरियातल्या बुसान शहरापासून त्यांचं पेव फुटलं. तिथे गिऱ्हाईक खोलीत शिरतं तेव्हा मशीन आधीच चालू असतं. म्हणजे ही धून ऐकणार मुख्यतः दुकान उघडणारा मालक नाहीतर दुरुस्तीवाला. त्यांच्या दृष्टीने तिचा उपयोग मात्र आहे: ती वाजली की आवाजाची चिप, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर सगळं ठीक, माईकला हात लावायची गरज नाही. गिऱ्हाइकाच्या कानात बसते ती गाणं संपल्यावर १०० पैकी गुण दाखवताना वाजणारी धून. बेसूर गाणाऱ्यालाही ९५ देऊन वर वाजंत्री!

लोगोचं काम वेगळं. या धंद्यात मुख्य नावं दोन, टीजे आणि केवाय (म्हणजे कुमयंग). गाणं रिमोटवर नंबर दाबून लावायचं, आणि एकाच गाण्याचा नंबर दोघांकडे वेगवेगळा. त्यामुळे समोर कोणाचं मशीन आहे हे आधी कळलेलं बरं, नाहीतर भलतंच गाणं सुरू व्हायचं.

धून मशीन स्वतः वाजवतं की आधी रेकॉर्ड केलेली असते, हे कानानेच ओळखा. गाण्यांची साथ मिडीवर चालते: फाइलमध्ये आवाज नसतो, कोणता स्वर कोणत्या वाद्यावर किती वेळ वाजवायचा एवढ्या सूचना असतात. म्हणून अख्खं गाणं काही दहा-वीस किलोबाइटमध्ये मावतं. सीडीच्या दर्जाचा आवाज मिनिटाला १० एमबी खातो. सुरुवातीच्या धुनेतली ट्रम्पेट आणि गाण्यातली ट्रम्पेट हुबेहूब सारखी वाटली, तर धूनही त्याच चिपमधून येतेय असं समजायला हरकत नाही. (कोरियन कंपन्यांना धुनांचा सोस एकूणच दांडगा. तुमच्या घरी सॅमसंगचं वॉशिंग मशीन असेल तर कपडे धुऊन झाल्यावर वाजणारी ती चाल शूबर्ट या ऑस्ट्रियन संगीतकाराची आहे.)

आता रेकॉर्डिंग. कोरियात वीज २२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३० आणि ५०. व्होल्टेजची फारशी अडचण नाही, तरी मशीनच्या मागची व्होल्टेजची पट्टी वाचल्याशिवाय पिन लावू नका. खरी गोम व्हिडिओत आहे. जुन्या मशीनच्या पिवळ्या व्हिडिओ पिनमधून एनटीएससी (कोरियातली टीव्ही-चित्राची पद्धत) सिग्नल येतो आणि आपल्याकडची कॅप्चर उपकरणं, म्हणजे व्हिडिओ कॉम्प्युटरवर उतरवून घेणारी, बऱ्याचदा पालवर (आपल्याकडची पद्धत) ठेवलेली असतात. मग चित्र कृष्णधवल दिसतं किंवा वरखाली पळत राहतं. सेटिंग आधी बदला.

दुसरं म्हणजे, मशीन चालू झाल्यावर कॅप्चर कार्डला सिग्नल पकडायला एक-दोन सेकंद लागतात, आणि धुनेचे पहिले सूर नेमके तेवढ्यात निसटतात. त्यासाठी आवाज मशीनच्या लाइन आउटमधून (आवाज बाहेर काढायच्या पिनमधून) वेगळ्या रेकॉर्डरवर घ्या, रेकॉर्डर आधी सुरू करा, मग मशीनचं बटण दाबा. चित्राशी मेळ नंतर एडिटिंगमध्ये घालता येतो.