ओढ्याकाठची काळी पिल्लं कोणाची?

प्रश्न : आमचं रान पलूस तालुक्यात, ओढ्याला लागूनच. उसाच्या बांधावर गवत कापताना चार पिल्लं दिसली, कोंबडीच्या पिल्लांसारखीच पण काळीकुळकुळीत. आई जवळपास नव्हती म्हणून पोरानं पाटीत घालून घरी आणली आणि आता आमच्या खुडूक कोंबडीखाली सोडतो म्हणतोय. शेजारचे म्हणतात ही पाणकोंबडीची, घरात ठेवली तर केस होते. खरं का? आणि रात्रभर ओढ्यात 'कुवाक कुवाक' ओरडतं ते कोण?

उत्तर : ताई, तुम्हाला फोनवर सांगितलंच, पण असं बऱ्याच जणांच्या घरी होतं म्हणून इथं लिहितोय. पिल्लं पांढऱ्या छातीच्या पाणकोंबडीची, जिला लाजरी पाणकोंबडी पण म्हणतात (लाजरी कसली, आमच्याकडं तर सांडपाण्याच्या गटारीकडंला शेपटी उडवत बिनधास्त फिरते). पाठ काळपट, तोंड आणि छाती पांढरी, शेपटीखाली विटकरी रंग. पिल्लं मात्र पूर्ण काळी, त्यामुळं ओळखत नाहीत.

आई सोडून गेलेली नसते हो. ती तिथंच गवतात दडून तुम्ही कधी जाताय ते बघत असते. ही पिल्लं अंड्यातनं निघाली की लगेच चालायला लागतात, म्हणून घरट्याबाहेर दिसली म्हणजे हरवली असं नाही. अंडी साधारण 6-7, उबवायचं काम नर-मादी दोघंही करतात आणि पिल्लांना किडे, गांडुळं चोचीनं भरवतात. तुमची खुडूक कोंबडी माया करंल एकवेळ, पण ती दाणे उकरून दाखवणार आणि ही पिल्लं चोचीकडं बघत उपाशी बसणार. म्हणून जिथनं उचलली तिथंच झुडपाच्या आडोशाला सोडायची आणि लांब व्हायचं, कुत्रं तेवढं बांधून ठेवा.

कायद्याचं म्हणाल तर शेजारी बरोबर आहेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हा पक्षी संरक्षित आहे आणि नुसतं मारणंच नाही, पकडणं, अंडी फोडणं, घरटं विस्कटणं हे पण शिकारीतच धरतात. पोरानं दयेनं आणली हे कळतं, त्याला रागावू नका. पिल्लू जखमी असंल तर वनविभागाच्या 1926 नंबरवर फोन करा.

एक गंमत, आपल्याकडं पाण्यातलं दिसंल ते सगळं पाणकोंबडीच. तळ्यावर मधोमध पोहणारा, काळा अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला दिसला तर तो वारकरी, वेगळा पक्षी. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावी!

ओढ्याकडंची पाणकणसं आणि झुडपं दरवर्षी जेसीबी लावून साफ करतो आपण, घरटं नेमकं त्यातच असतं. निदान पावसाळ्यात तरी एक पट्टा राहू द्या.

राहिलं रात्रीचं ओरडणं. ते हिचंच, विणीचा हंगाम आहे. त्याला औषध नाही, पाऊस सरला की आपोआप गप्प होते, तोवर खिडकी लावून झोपा.